पीक आलं, इरवड गेली : औसा तालुक्यातल्या पाच एकरांचं प्रकरण

आधी एक खुलासा. या प्रकरणातलं कुटुंब कोणा एकाचं नाही. लातूर जिल्ह्यातल्या औसा-निलंगा पट्ट्यात पाच-सहा एकर कोरडवाहू जमीन असलेली जी असंख्य घरं आहेत, त्यांच्या पेऱ्याचा, खर्चाचा आणि जेवणाचा साचा घेऊन ते उभं केलं आहे. त्यामुळे घरचा हिशेब धरून चाललेला आहे, आणि जिथे आकडा धरला आहे तिथे तसं म्हटलं आहे. वाण, वर्षं, सर्वेक्षणं आणि पोषणमूल्यं मात्र जशी आहेत तशी.

घरात सहा माणसं. आजी, नवरा-बायको, नवऱ्याचा धाकटा भाऊ, दोन मुलं. जमीन पाच एकर, काळी, मध्यम खोलीची. विहीर आहे, पण फेब्रुवारीत तळ दाखवते. खरिपात पाचही एकर सोयाबीन. रब्बीत ओल राहिली तर दोन एकर हरभरा, नाहीतर रान मोकळं. दारात मोटारसायकल आहे, दोन स्मार्टफोन आहेत, आणि २०२१ साली सोयाबीन क्विंटलला दहा हजारांवर गेलं तेव्हा हाती आलेल्या पैशातून बांधलेली एक स्लॅबची खोली आहे. दोन्ही वेळा चूल पेटते. पोट रिकामं ठेवून कोणी झोपत नाही.

तरी धाकट्या मुलीचं वजन अंगणवाडीच्या तक्त्यावर हिरव्या पट्ट्याखाली आहे, आणि तिच्या आईचं हिमोग्लोबिन नऊच्या आसपास. गरोदरपणात लोहाच्या गोळ्या मिळाल्या, थोड्या खाल्ल्या, मळमळतं म्हणून उरलेल्या फळीवर राहिल्या. आशाताई आल्या की 'खाते ना गं?' विचारतात, ती 'हो' म्हणते.

आजेसासऱ्याच्या काळात या घरात पैसा नव्हता आणि चांगलं पाऊसमान नसलं तर धान्यही नव्हतं. आज पैसा आहे, रेशनचं धान्य आहे. मग रक्त कुठे कमी पडलं? आणि हे एकाच घराचं रडगाणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के बालकं वयाच्या मानाने खुजी होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) ती ३५.२ टक्के निघाली. म्हणजे हललंच नाही. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांमधला रक्तक्षय ४८ टक्क्यांवरून ५४.२ वर गेला, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांमधला ५३.८ वरून ६८.९ वर. याच काळात राज्याची शेती मागे गेली असं कोणी म्हणणार नाही.

रानात काय काय होतं

या पाच एकरांत सोयाबीन यायच्या आधी काय पेरलं जात होतं ते आजी अजून सांगू शकते, आणि शासनाच्या जुन्या पीक-पाहणीत त्यातलं निम्मंही नोंदवलेलं नसतं. खरिपात ज्वारी. तिफणीमागे बाई मोघणातून (बी सोडायच्या नळीतून) तूर सोडायची, म्हणून ज्वारीच्या ठरावीक तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचा एक तास यायचा. ज्वारीत मूग, उडीद, कुठे चवळी, मटकी. बांधाकडेला अंबाडी आणि तीळ. ही सगळी इरवड. मुख्य पीक ज्वारी, बाकी तिच्या आधाराने. रब्बीत मालदांडी ज्वारी, तिच्या कडेने काटेरी करडई, म्हणजे जनावर आत शिरत नाही. शिवाय एका तुकड्यात हरभरा आणि जवस.

उत्पन्न म्हणाल तर आजच्या मोजमापात हसण्यासारखं. पण हे सगळं एका वेळी येत नसे, हे महत्त्वाचं. मूग-उडदाच्या शेंगा भाद्रपदात यायच्या, म्हणजे बरोबर त्या दिवसांत जेव्हा मागच्या वर्षीचं धान्य संपत आलेलं असतं आणि नवं पदरात पडलेलं नसतं. मग अंबाडीचा पाला, मग तीळ, मग ज्वारी, मग ओल्या तुरीच्या शेंगा, मग हरभऱ्याचा पाला आणि घाटे, मग हुरडा, मग करडई. महिना-दीड महिन्याला ताटात काहीतरी नवीन पडायचं, आणि ते आणायला कोणाला खिशात हात घालावा लागत नसे. (हुरडा आता शहरातून गाडी करून येणाऱ्यांसाठी असतो. माणशी दर ठरलेला, सोबत चटण्या पाच.)

लातूर-धाराशिवकडच्या वाचकाला हे समजून घ्यायला येळवस पुरेल. मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला शेतात कडब्याची कोप करून पांडवांची पूजा होते, आणि जेवायला भज्जी, आंबील, उंडे असतात. भज्जीत तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे ओले दाणे, शेंगदाणे, मेथी, गाजर, वांगी, चिंच, बेसन. आंबिलीत ज्वारीचं पीठ आणि ताक. त्या दिवशी शिवारात जे जे उभं आहे ते ते भांड्यात पडावं अशीच या जेवणाची रचना. पोषणशास्त्रात आहाराचं वैविध्य मोजायला अन्नगट मोजतात: धान्य, डाळी, दूध, पालेभाज्या, इतर भाज्या, तेलबिया वगैरे. भज्जी-आंबिलीत ते जवळजवळ सगळे एका बैठकीत येतात. आज आपल्या प्रकरणातलं घर येळवस करतंच, सोडत नाही. पण भज्जीचं सामान आदल्या दिवशी बाजारातून येतं आणि कोपीला कडबा शेजाऱ्याकडून. सण टिकला, त्याचं कोठार रिकामं झालं.

जुन्याचं कौतुक किती करायचं यालाही मर्यादा आहे. १९७२च्या दुष्काळात याच शिवारातल्या माणसांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली आणि अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापल्या. त्याआधीच्या काळात दख्खनच्या पठारावर ज्वारीवरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा दिसायचा: मानेभोवती आणि हातांवर काळपट सोललेली कातडी, जुलाब, पुढे भ्रमिष्टपणा. ज्वारी खाणाऱ्यांना हा नायसिनच्या कमतरतेचा आजार का होतो, यावर १९६०च्या सुमारास डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हैदराबादेत काम केलं आणि ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाकडे बोट दाखवलं. त्या स्पष्टीकरणावर नंतर वाद झाले, पण आजार खरा होता. ज्यांच्या ताटात नुसती भाकरी आणि मिरची होती त्यांना ज्वारीने तारलं नाही. बाई सर्वांत शेवटी जेवायची, ते तेव्हाही होतंच. म्हणून 'ज्वारीकडे परत चला' एवढंच सांगणाऱ्या पोस्टर्सवर माझा फारसा विश्वास नाही.

आणखी एक गोष्ट त्या पोस्टर्समध्ये नसते. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रथिनं आणि ४ मिलिग्रॅम लोह. गव्हात जवळपास तेवढंच. तांदळात मात्र प्रथिनं ८ ग्रॅमच्या आत आणि लोह एक मिलिग्रॅमहूनही कमी. भाकरी जाऊन चपाती आली तर लोहाच्या हिशेबात फार फरक पडत नाही. भात वाढला तर पडतो. पण या घराचं मोठं नुकसान धान्य बदलल्याने झालेलं नाही. भाकरीभोवती जे होतं ते गेल्याने झालं आहे.

दोन पावलं

ते एका झटक्यात गेलं नाही. पहिलं पाऊल संकरित ज्वारीचं. सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण १९६४ साली आला. वसंतराव नाईक मुख्यमंत्री होते आणि अन्नधान्यात स्वयंपूर्णता हा त्यांचा ध्यास होता. १९७२ साली परभणीला मराठवाड्यासाठी कृषी विद्यापीठ झालं, जे आज त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. हायब्रीडने उतारा दुप्पट-तिप्पट दिला आणि भूक मागे हटवली, हे श्रेय द्यायलाच हवं. मात्र वाण बुटका, म्हणून कडबा कमी आणि जनावराला न रुचणारा. लवकर पक्व होणारा, म्हणून कणसात दाणा भरताना परतीचा पाऊस गाठायचा आणि ज्वारी काळी पडायची. काळ्या ज्वारीला बाजारात भाव नाही, घरात चव नाही. खत टाकून दाट पेरलेल्या हायब्रीडमध्ये मूग-उडदाला जागाही उरत नव्हती. थोडक्यात, शेतकऱ्याच्या मनातून खरिपाची ज्वारी उतरवण्याचं काम आधी हायब्रीडनेच केलं.

दुसरं पाऊल सोयाबीन. १९९४ साली प्रसारित झालेला जेएस-३३५ हा वाण मराठवाड्यात पसरला, पाठोपाठ परभणीचे एमएयूएस मालिकेतले वाण आले, लातूरला तेलगिरण्या आणि सॉल्व्हंट प्लांट उभे राहिले. शंभर दिवसांचं पीक, पाखरं खात नाहीत, राखण नाही, दिवाळीच्या तोंडावर रोकड, आणि रान लवकर मोकळं झाल्याने हरभऱ्याला संधी. आज लातूर जिल्ह्याच्या खरिपाच्या सुमारे सहा लाख हेक्टरांपैकी साडेचार लाखांहून अधिक हेक्टरांवर सोयाबीन असतं. खरीप ज्वारी शोधावी लागते. आपल्या प्रकरणातल्या आजोबांनी सोयाबीन घेतलं तेव्हा त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मीही तेच पेरलं असतं.

याच भागात एक तिसरी गोष्टही घडली, जी शेतीची नाही पण अन्नाची आहे. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. दगड-मातीची घरं पडली, गावं नव्या जागी वसली, नव्या भिंती पातळ झाल्या. त्या जाड भिंतींबरोबर बळदं गेली, जुन्या गावठाणाबरोबर पेवं गेली. वर्षाचं धान्य घरात साठवायची जागा गेली आणि त्याच दशकात साठवायचं पीकही गेलं. दोन्हींचा एकमेकांशी कार्यकारण संबंध नाही, पण दोन्ही एकाच पिढीच्या वाट्याला आले.

काय काय सुटलं

डाळीचं सरळ आहे. मूग, उडीद, मटकी, चवळी घरातून गेली, तूर उरली ती काही घरांत. हरभरा येतो, पण तो पोत्यात भरून अडतीवर जातो. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शनात प्रौढाला दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्यं सुचवली आहेत. या घरात वरण रोज होतं, पण ते पातळ होत गेलंय. तुरीचा भाव चढला की पातेल्यात पाणी चढतं.

तेलाकडे कोणाचं लक्ष जात नाही. करडईचं घाण्याचं तेल, सोबत तीळ-जवसाची चटणी, हे मराठवाड्याचं स्निग्ध अन्न. काट्यांमुळे करडई काढायला मजूर मिळेना, रब्बी ज्वारी घटली तशी तिची कडही गेली, आणि नव्वदच्या दशकानंतर आयात पामतेल स्वस्तात दारात आलं. आता घरात पिशवीतलं तेल. उष्मांकाच्या हिशेबात फरक शून्य. पण तिळातून येणारं कॅल्शियम, जवसातली ओमेगा-३ मेदाम्लं, हे पिशवीत नाही. करडईचा कोवळा पाला ही एक भाजीही होती, तीही गेली.

दुधाचा संबंध थेट कडब्याशी आहे. ज्वारीच्या पाच एकरांवर बैलजोडी आणि एक-दोन गाई-म्हशी निघायच्या. सोयाबीनचं भुसकट जनावर आवडीने खात नाही, आणि हार्वेस्टर लावला तर तेही रानातच उडतं. ट्रॅक्टर आला, बैल गेले. कडबा विकत घ्यायची वेळ आली, म्हैस गेली. आता सकाळी अर्धा लिटर दूध येतं, ते चहात जातं. ताक तर मोजणीतच नाही. ताकातल्या कण्या खाऊन वाढलेली आजी पाच रुपयांचा चिप्सचा पुडा नातीच्या हातात बघते आणि काही बोलत नाही, कारण पुडा तिनेच आणून दिलेला असतो.

पालेभाज्यांबद्दल मात्र थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण इथे नुकसान कसं झालं ते फार थोड्यांनी पाहिलंय. तांदुळजा, कुरडू, घोळ, पाथरी, तरोटा. यातलं काहीही कोणी पेरत नसे. खुरपायला गेलेली बाई तण काढायची, त्यातलं खाण्याजोगं ओट्यात घालून घरी आणायची. खुरपणी हेच भाजी आणणं. पावसाळ्याचे दोन-अडीच महिने, तेही फुकट, हिरवी पालेभाजी: लोह, कॅल्शियम, फोलेट, अ जीवनसत्त्वाचं कॅरोटीन, आणि धान्यातलं लोह अंगी लागायला मदत करणारं क जीवनसत्त्व. सोयाबीनमध्ये पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांत इमॅझेथापायरसारखं तणनाशक फवारतात. एकराचं काम एका माणसाचं, काही तासांचं. शेतकऱ्याचा खुरपणीचा खर्च वाचला. तणाच्या यादीत भाजीही होती. आणि ज्या बायकांची मजुरी गेली त्यांचीच भाजी गेली, एकाच फवाऱ्यात. कृषी खात्याच्या कुठल्याही तक्त्यात हे नुकसान दिसणार नाही, कारण तांदुळज्याचं क्षेत्र आणि उत्पादकता कोणी नोंदवत नाही. आज आपल्या घरातली बाई पावसाळ्यात बाजारातून दहा रुपयांची मेथीची जुडी आणते, आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी.

बिनजमिनीच्या घरांना हा फटका अधिक खोल बसला. सालगड्याच्या सालाच्या बोलीत पैशाबरोबर ज्वारीची पोती असत. काढणीला मजुरी कणसांत मिळे. रानात पडलेला सरवा वेचून आठ-पंधरा दिवसांचं धान्य व्हायचं. सोयाबीनचाही सरवा वेचतात, पण तो शिजवत नाहीत. दुकानात देऊन पैसे घेतात. सगळी मजुरी रोख झाली, आणि रोख पैसा घरात पोहोचायच्या आधी वाटेत पुष्कळ दुकानं लागतात. त्यातली काही दारूची असतात.

बायकोच्या हातातलं काय गेलं हेही त्यात मोडतं. मूग, तीळ, अंबाडीचा पाला, ताक यांच्यावर कोणी हक्क सांगत नसे. त्यांचं काय करायचं ते ती ठरवायची. सोयाबीनच्या पट्टीचे, म्हणजे विक्रीचे पैसे नवऱ्याच्या खात्यावर जमा होतात. ते कुटुंबासाठीच खर्च होतात, नवरा वाईट नाही. पण आठ दिवसांनी डाळ आणायला पैसे मागावे लागतात, आणि मागायची वेळ आली की माणूस थोडं कमी मागतो.

हिशेब

आता आकडे. हे धरलेले आहेत, एका बऱ्या वर्षाचे. एकरी सहा क्विंटल सोयाबीन, क्विंटलला ४,५०० रुपये, म्हणजे एकरी २७ हजार. बियाणं, खत, फवारणी, मळणी, मजुरी मिळून एकरी खर्च १५ हजार. पाच एकरांत सुटले ६० हजार. हरभऱ्याचे वीसेक हजार. एकूण ८० हजार.

जे रानातून यायचं ते बाजारातून पुरेसं आणायचं ठरवलं तर? लहान-मोठी सहा माणसं, सरासरी ७० ग्रॅम डाळ धरली तर वर्षाला दीड क्विंटलच्या थोडी वर, किलोला १३० रुपयांनी सुमारे २० हजार. तेल माणशी २५ ग्रॅम, वर्षाचे ५५ किलो, सात हजार. दूध रोज एक लिटर, ४५ रुपयांनी १६,४००. भाजी रोज ४० रुपयांची, १४,६००. बेरीज ५८ हजार.

कागदावर भागतं. उरलेल्या २२ हजारांत शाळा, दवाखाना, कपडे, पेट्रोल, रिचार्ज, पाहुणे-रावळे आणि एखादं लग्न बसवायचं. नवरा आणि दीर बाहेर मजुरी करतात म्हणून घर चालतं. पण खरी गोची बेरजेत नाही, वेळेत आहे. ८० हजार येतात कार्तिक आणि फाल्गुनात, दोन हप्त्यांत. कृषी सेवा केंद्राची उधारी त्याच दिवशी वळती होते, सोसायटीचं कर्ज मार्चच्या आत फिरवावं लागतं. पोरांना मात्र डाळ रोज लागते. आषाढात, म्हणजे पेरणीत शेवटचा पैसा गेलेला असताना, दूध निम्म्यावर येतं आणि भाजीच्या जागी चटणी बसते. पूर्वी याच्या पाठोपाठ, भाद्रपदात, मुगाच्या शेंगा यायच्या.

वरची सगळी गणितं सोयाबीनला ४,५०० भाव मिळाला तर. २०२१च्या ऑगस्टमध्ये भाव दहा हजारांवर होता. त्याच महिन्यात केंद्राने बारा लाख टन जीएम (जनुकबदल केलेल्या सोयाबीनची) सोयापेंड आयात करायला परवानगी दिली, आणि नवा माल यायच्या सुमारास भाव कोसळला. २०२४च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव असताना बाजारात त्याखाली विक्री झाली. ज्वारीचा भाव पडला तर ज्वारी खाता तरी येते.

प्रथिनांचा प्रवास

या प्रकरणातली सर्वांत बोचरी गोष्ट अशी की सोयाबीनमध्ये जवळपास ४० टक्के प्रथिनं असतात. भारतात पिकणाऱ्या कुठल्याही डाळीहून जास्त. ज्या घरात मुलगी वजनाने मागे आहे त्या घरच्या रानातून दरवर्षी तीस क्विंटल सोयाबीन, म्हणजे अकराशे-बाराशे किलो प्रथिनं, ट्रॉलीत भरून लातूरच्या मोंढ्यात जातात. तिथून गिरणीत. तेल वेगळं होतं, पेंड वेगळी. पेंड कोंबडी-खाद्यात आणि निर्यातीला. त्या पेंडीवर वाढलेल्या कोंबडीचं अंडं फिरून औशाच्या बाजारात येतं, आणि आपल्या घरी ते पाहुणे आले तर येतं.

मग घरीच का नाही खात? खाता येतं, पण कच्चं दळून नाही. सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारे घटक असतात. आधी उकळत्या पाण्यात ठेवून, वाळवून मग दळावं लागतं, आणि गव्हा-ज्वारीच्या पिठात दहाव्या हिश्शापर्यंत मिसळावं लागतं. कृषी मेळाव्यांत सोयादूध, टोफू, सोया लाडूची प्रात्यक्षिकं होतात. बायका बघतात, चव घेतात, घरी येतात. सोयाबीनचं वरण होत नाही, हा त्यांचा साधा आक्षेप आहे आणि तो खरा आहे.

सरकारला हे का दिसलं नाही

एका खात्याने क्विंटल प्रति हेक्टर मोजले, दुसऱ्याने वाटलेलं धान्य मोजलं, तिसऱ्याने मुलांची वजनं मोजली. तिन्ही रजिस्टर एकाच ग्रामपंचायतीच्या हद्दीत भरली जातात आणि कधी एका टेबलावर येत नाहीत.

रेशनने भूक भागवली, हे निर्विवाद. २०१३च्या अन्न सुरक्षा कायद्याने माणशी पाच किलो धान्य दिलं, जानेवारी २०२३पासून ते मोफत आहे. आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या चौदा जिल्ह्यांत, ज्यांत अख्खा मराठवाडा येतो, २०१५पासून केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांनाही स्वस्त गहू-तांदूळ दिला गेला. पुढे त्याऐवजी खात्यावर पैसे आले. कायद्यात भरडधान्य एक रुपया किलोने द्यायची तरतूद होती, पण दुकानात ज्वारी क्वचितच दिसली. जी ज्वारी पिकवत होते त्यांना सरकारने गहू-तांदूळ स्वस्त केला आणि ज्वारीचं सरकारी गिऱ्हाईक कधी उभं केलं नाही. मग ज्वारी महागली, आणि आता शहरातले मधुमेही ती गव्हाहून चढ्या दराने विकत घेतात.

उसाबद्दल थोडक्यात. मांजरा खोऱ्यात कारखाने झाले, बागायतदारांची स्थिती सुधारली, आणि एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. ऊस हे एकच कारण नव्हतं, पाऊसही सलग फसला होता. पण विहिरीजवळ वाफाभर माळवं करायला जे पाणी लागतं ते आधी उसाला गेलं की परसबागेच्या योजनेचं बियाण्याचं पाकीट फडताळातच राहतं.

मुलीच्या वजनाचा सगळा दोष शेतीवर टाकणंही चुकीचं ठरेल. आईचं लग्न अठराच्या आत झालं, ती स्वतः अशक्त होती, मुलगी कमी वजनाची जन्मली, पाणी दूषित, जुलाब वारंवार. परभणी-बीडसारख्या जिल्ह्यांत बालविवाहाचं प्रमाण राज्यात सर्वांत वरच्या रांगेत आहे आणि त्याचा कुपोषणाशी थेट संबंध आहे. शेतीतला बदल या ओझ्यावर आणखी एक ओझं टाकतो, एवढाच दावा इथे करायचा आहे. आणि हे ओझं उतरवणं बाकीच्यांपेक्षा थोडं सोपं आहे.

काय जमण्यासारखं आहे

परभणी विद्यापीठाने इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेच्या सहकार्याने परभणी शक्ती नावाचा ज्वारीचा वाण दिला आहे, ज्यात लोह आणि जस्त नेहमीच्या वाणांहून जास्त. चांगला आहे. पण पाच एकर सोयाबीन असलेल्या घराला ज्वारीचा सुधारित वाण देणं म्हणजे दार बंद असलेल्या घरात पत्र टाकणं. आधी ज्वारीला रानात जागा हवी.

जागेचा प्रश्न याच भागात एका संस्थेने हात घालून सोडवायचा प्रयत्न केला. किल्लारीच्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून उभ्या राहिलेल्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'ने लातूर-धाराशिवमध्ये बायकांना घरच्या जमिनीतला अर्धा-एक एकर मागून घ्यायला शिकवलं. त्या तुकड्यात काय पेरायचं ते बाई ठरवणार: डाळी, भाज्या, भरडधान्य, आधी घरासाठी, उरलं तर विक्री. २०१६ साली या कामाला संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. मला यात बियाण्यापेक्षा 'मागून घेणं' महत्त्वाचं वाटतं. सातबारावर तिचं नाव नसतं. तुकडा मिळतो तो घरच्यांच्या मर्जीने, आणि भाव चढलेल्या वर्षी मर्जी फिरू शकते.

उरलेल्या साडेचार एकरांत सोयाबीन राहू द्यावं, पण त्यात तूर परत आणावी. सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन, ही शिफारस विद्यापीठाची आहे, नवी नाही. अडचण हार्वेस्टरची. सोयाबीन ऑक्टोबरात निघतं, तूर पौषापर्यंत उभी असते, आणि यंत्र ओळींमधून जात नाही. यावर पट्टा पद्धत हाच उपाय: यंत्राच्या पात्याच्या रुंदीएवढा सोयाबीनचा पट्टा, मग तुरीचा. ठरवून पेरावं लागतं आणि पेरणीयंत्रवाल्याला समजावून सांगावं लागतं. बांधाकडेच्या चार ओळी तणनाशकाविना ठेवल्या तर पावसाळ्यातली भाजी परत येते; त्याला बियाणंही लागत नाही.

आपल्या घरात बोलणं अर्ध्या एकरावर आलं आहे. वरच्या हिशेबाने अर्ध्या एकराच्या सोयाबीनमधून सुटतात सहा हजार. त्या तुकड्यात ज्वारी, तूर, मूग, कडेला अंबाडी आणि तीळ घेतले, आणि सगळ्या डाळी मिळून नुसती ६५ किलो हाती आली, तरी १३० रुपयांच्या दराने साडेआठ हजारांची डाळ झाली. ज्वारी, कडबा आणि पाला त्याहून वेगळा. बायकोला हे गणित पटलं आहे, आजीला आधीपासून पटलेलंच होतं. नवरा हो म्हणतो, पण खळ्याकडचा खडकाळ तुकडा द्यायचं म्हणतो. तिला विहिरीजवळचा हवा आहे, कारण तिथे दसऱ्यानंतर दोन वाफे मेथी-पालक निघतील. तोच तुकडा दिराला अद्रक लावायला हवा आहे, आणि अद्रकाचं बेणं त्याने सांगूनही ठेवलं आहे.